वाकड्या दांड्याची स्टिक

दुकानदारानं वाकडी स्टिक दाखवली म्हणून मी त्याच्याशी भांडलो आणि भांडण जिंकून घरी आलो. आयुष्यात मी जिंकलेली भांडणं फार थोडी, त्यामुळे आदिलाबादहून इचोड्यापर्यंत गाडी चालवताना मी स्वतःशीच हसत होतो. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा त्या दिवशी मला सभ्य वाटले. पुढं कळलं ते इतकंच, की हॉकीत गोलकीपरची स्टिक वाकडीच असते.

झालं होतं असं. माझी मुलगी आदिलाबादला होस्टेलवर राहून शिकते. दहावीला आहे आणि शाळेच्या हॉकी टीमचा गोल राखते. जिल्ह्याच्या टीमची निवड जवळ आली, तसा तिच्या पीईटी, म्हणजे खेळ शिकवणाऱ्या, मॅडमचा मला फोन आला. पॅड, हेल्मेट, हातमोजे शाळेचे मिळतील, पण स्टिक मात्र पोरीची स्वतःची पाहिजे, असं त्या म्हणाल्या. शाळेतली स्टिक अनेक हातांतून गेलेली, टोकाशी तडकलेली. ती घेऊन निवडीला उभं राहण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी तिथल्याच एका दुकानदाराला सांगून हैदराबादहून गोलकीपरच्या दोन-तीन स्टिका मागवून ठेवल्या होत्या. पोरीला सोबत न्या, तिच्या हाताला बसेल ती घ्या, हेही त्यांनी तेलुगूत अगदी सावकाश, मला समजेल असं सांगितलं. मी "सरे मॅडम", म्हणजे बरं मॅडम, म्हणालो आणि एकटाच गेलो.

कारण दांड्याची पारख मला आहे, असा माझा समज. आमच्या मराठी-तेलुगू सरहद्दीवरच्या गावांत कुऱ्हाडीचा, कुदळीचा दांडा कोणी तसाच उचलून आणत नाही. एक डोळा मिटायचा, दांडा दुसऱ्या डोळ्याला लावायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर सरळ जाते का ते बघायचं. नजर अडली की दांडा परत. मी बोथच्या मंडळ कार्यालयात बाबू आहे. पहाणीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाराच्या, नकला देण्यात आणि अर्जावर शिक्के मारण्यात माझा जन्म गेला, कुदळ हातात धरल्याला जमाना झाला. पण पारख रक्तात असते म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत मी पुढं असतो.

दुकानदारानं पहिली स्टिक काढली. मी डोळा मिटून बघितलं, तर दांडा मधोमध असा वळलेला, जशी धामण रस्ता ओलांडताना दिसते. मी म्हणालो, "ये तो धूप में रखके टेढी हो गयी." तो बिचारा सांगत होता की साहेब, गोलकीपरची अशीच येते. मी नख दाबून लाकडाची रेघ शोधली. सापडली नाही. सापडणारही नव्हती, कारण ती फायबरची होती. मग मी आवाज चढवला. आमच्या भागात अजून दांडा ओळखणारी माणसं आहेत, असं काहीतरी मी हिंदीत बोललो. त्याचं व्याकरण मला आज आठवत नाही, ते बरंच आहे. शेवटी त्यानं हात जोडले आणि सांगितलं की तुमच्या मनाला येईल ती घ्या. मी दुकानातली सर्वांत सरळ, सर्वांत जड, खऱ्या लाकडाची स्टिक निवडली. राखायचं म्हणजे हातात वजन पाहिजे, हा माझा हिशेब. घरी येऊन तिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टीसुद्धा घट्ट गुंडाळली, म्हणजे परत करायची सोयच राहिली नाही.

आणि ती स्टिक मी घरात न नेता गाडीच्या डिकीत, चटईखाली लपवून ठेवली. का, ते आता सांगावं लागेल.

आमच्या घरात काठी राहत नाही. कोणतीच नाही. जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू बायको शेजारून मागून आणते आणि काम झालं की परत करते. पडद्याचा रॉड चालतो, कारण तो आडवा असतो. पण दाराशी, कोपऱ्यात, भिंतीला टेकून काठी उभी केलेली माझ्या वडिलांना, बाबांना, खपत नाही. ते आता ऐंशी पार केलेले. शाळेत शिपाई होते. शाळेच्या आवारात ढोरं शिरली की बाकीचे शिपाई काठी घेऊन धावायचे. बाबा नुसते हात पसरून, तोंडानं हाट-हाट करत ढोरांच्या पुढं उभे राहायचे. मागच्या वर्षी ते न्हाणीत पडले. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी येऊन भिंत धरली. तेव्हापासून त्यांच्या खोलीपासून अंगणाच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, भिंतीचा रंग त्यांच्या हातानं गुळगुळीत आणि काळपट झाला आहे. ती रेघ म्हणजे त्यांचा रस्ता.

हा नेम माझ्या आजोबांपासूनचा. आजोबा गावचे येसकर होते. गावच्या वेशीवर राखण करायची, आला-गेला पाहायचा, रात्री हाळी द्यायची, सकाळी दारोदार जाऊन वाट्याची भाकर मागायची, हे आमच्या घराण्याचं काम होतं. ते मागून मिळालेलं नव्हतं आणि सोडून जाण्यासारखंही नव्हतं. येसकराच्या हातात उंच सरळ काठी, तिच्या डोक्याला घुंगरं. तो येतोय हे लोकांना दुरून कळलं पाहिजे म्हणून. पुढं आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि ही कामं सोडली. त्या दिवशी आजोबांनी ती काठी चुलीत घातली आणि या घरात पुन्हा काठी उभी राहणार नाही असं म्हणाले. एवढंच मला माहीत होतं. माझ्या आईनं सांगितलेलं. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं हाच आदर समजला जातो.

मुलगी सुट्टीला घरी आली. बाबा दुपारी झोपले आहेत असं बघून मी तिला अंगणात बोलावलं, डिकी उघडली आणि जादूगारासारखी स्टिक बाहेर काढली. तिनं ती उजव्या हातात धरली. गोलकीपर एका हातात स्टिक धरतो. दुसऱ्या हाताला उशीएवढा जाड मोजा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिचं मनगट हळूहळू खाली गेलं आणि स्टिकचं टोक मातीत टेकलं.

"पप्पा," ती म्हणाली, "ही पुढं खेळनाऱ्या पोरींची हाय. माही वाकडी असते."

"वाकडी काऊन?"

"दांडा वळलेला असला की जमिनीवर आडवी टाकली त जास्ती जागा झाकते. आन हलकी पायजे. मले दिवसभर एका हातात धरायची असते ना."

मी म्हणालो की दुकानदार मला तेच सांगत होता. बायको दारात उभी होती. ती मराठी शाळेत मास्तरीण. वर्गात शुद्ध बोलते, घरी जसं येईल तसं. तिला पोरीच्या हॉकीचं फारसं कौतुक नाही. दहावी नीट व्हावी, बासरच्या इंजिनिअरिंग कॅम्पसात सीट लागावी, यावर तिचं लक्ष. ती एवढंच म्हणाली, "अहो, या घरात जन्मात पहिल्यांदा काठी आली, तीही तुमी चुकीची आणली."

तेवढ्यात तिच्या मागं बाबा दिसले. चौकट धरून उभे. झोपले नव्हते की आमच्या बोलण्यानं उठले, कोण जाणे. त्यांची नजर पोरीच्या हातातल्या त्या सरळ दांड्यावर होती. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू तिथं काय करतं माय?" त्यांनी नातीला विचारलं.

"गोल राखते, आबाजी."

"म्हंजे?"

"बाकीच्या धावते, मारते. मी एका जागी उभी राह्यते. बॉल आत जाऊ द्यायचा नाई."

बाबा भिंत धरून आत गेले. मी स्टिक पुन्हा चटईखाली घातली, जणू डिकी बंद केली की झालेलं न झालेलं होणार होतं.

संध्याकाळी त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. अंगणात त्यांची बाज असते, ती पायथ्याशी बसली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर हातात होता. बाबा म्हणाले, "हे पाह्य. खेळायचं त खेळ. पन राखनीवर उभी नको राहू. धावनारी हो, मारनारी हो. राखन आपन सोडली हाय."

ती पोर त्यांच्याच अंगाखांद्यावर मोठी झालेली. मी ओरडलो तर ती ऐकून सोडून देते, आई ओरडली तर उलट बोलते. पण आबाजींचा शब्द तिनं कधी खाली पडू दिलेला नाही. मग तिनं विचारलं, "काऊन सोडली?"

जे मी इतक्या वर्षांत विचारलं नाही ते तिनं दोन शब्दांत विचारलं. आणि बाबांनी सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, उतरला नाही. ते लहान होते तेव्हा गावातल्या एका मोठ्या घराची बैलजोडी रात्री चोरीला गेली. वेशीवर आजोबांची राखण होती. सकाळी चावडीवर बोलावणं आलं. राखण चुकली म्हणून आजोबांना सगळ्यांसमोर मारलं. त्यांच्याच काठीनं. मारताना घुंगरं वाजत होती, असं बाबा म्हणाले. मारून झाल्यावर काठी त्यांच्या हातात परत दिली, कारण त्या रात्री पुन्हा राखणीला जायचं होतं. "आन तो गेला," बाबा म्हणाले. "माहा बाप. तीच काठी घेऊन गेला."

आत मी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली.

रात्री जेवताना पोरीनं मला आणि आईला सांगितलं की आबाजी नाही म्हणाले तर ती निवडीला उभी राहणार नाही. दुसऱ्या जागेवर खेळायला आता शिकता येत नाही, म्हणजे हॉकी सुटली. ती हे रडून बोलली असती तर मी काही शहाणपण शिकवलं असतं. ती भाकरीचा तुकडा मोडत बोलली. बायको, जिला हॉकी नकोच होती, तिनं तिच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा पीत होते. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एक सांग. गोल झाला त मारते का कोनी?"

"नाई, आबाजी."

"खरं सांग."

"कोनी नाई मारत."

"शिव्या देते?"

"मॅडम बोलते कधी कधी. तेलुगूत. मग मीच सांगते पुढच्या पोरींना, की कोनती कुठं उभी राह्य. मागून मलेच सारं दिसते ना. गोलवालीचं ऐकावं लागते सगळ्यांना."

बाबांना हे नवीन होतं. राखणदाराचं बाकीच्यांनी ऐकायचं. त्यांनी बशी खाली ठेवली. "मंग घेऊन ये तुही काठी," ते म्हणाले. "पन मी पाहाले येईन. मले पाह्यल्याबिगर खरं वाटनार नाई."

त्याच दिवशी आम्ही आदिलाबादला गेलो. दुकानदारानं मला ओळखलं. मी नजर चुकवून भिंतीवरच्या क्रिकेटच्या बॅटी पाहू लागलो. तो भला माणूस, त्यानं आतून तिन्ही वाकड्या स्टिका आणून काउंटरवर ठेवल्या. नंतर फक्त एवढं म्हणाला, "साहब, आज धूप कम है." मी हसलो. हसणं भाग होतं.

मुलगी होस्टेलातून उजव्या हाताचा मोजा मागून घेऊन आली होती. तो घालून तिनं पहिली स्टिक धरली आणि दुकानाच्या मधोमध, ट्रॉफ्यांच्या कपाटासमोर, गुडघे वाकवून उभी राहिली. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. घरी ती सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघणारी पोर. इथं तिची मान पुढं, पाठ वाकलेली, डोळे दुकानाच्या दारावर, जणू रस्त्यावरून काहीतरी तिच्याकडे येणार आहे. तिनं स्टिक उजवीकडे खाली जमिनीलगत टाकली, उचलली, पुन्हा टाकली. पहिली लांब होती. वर घेताना मुठीचं टोक पोटात लागत होतं, आणि पॅड बांधल्यावर तर अडकणारच. दुसरी मला आवडली. आखूड, एकदम हलकी. मी लगेच म्हणालो, हीच. तिनं ती खाली टाकून दाखवली. टोक आणि फरशी यांच्यात बोटभर फट राहत होती.

"इथून बॉल जाते, पप्पा," ती म्हणाली.

तिसरी तिनं बराच वेळ धरून ठेवली. मोज्यात मूठ सैल आहे का पाहिलं. हात बाजूला लांब करून नुसती उभी राहिली, मनगट थरथरतं का ते बघत. मी विचारलं की एवढीशी स्टिक जोरात मारायला पुरेल का. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमाले मारायचं नसतेच. मारायले पाय हाय, पॅड हाय. स्टिकनं फक्त पोचायचं असते."

तिसरी घेतली. जुनी स्टिक परत घेता का, असं मी दुकानदाराला विचारलं, त्यानं सायकलची ट्यूब पाहिली, आणि त्या विषयावर आम्ही दोघंही पुन्हा बोललो नाही.

घरी आल्यावर पोरीनं स्टिक बाबांसमोर धरली. त्यांनी हात लावला नाही. नुसतं वाकून पाहिलं. "ही अशी वाकडी काऊन हाय?" त्यांनी विचारलं, आणि तिनं मला सांगितलं होतं ते त्यांनाही सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "उभी नको करू. आडवी ठेव." ती आडवी ठेवली, भिंतीच्या कडेला, जमिनीवर. येता-जाता माझ्याच पायात आली, दोनदा.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. थंडीची सकाळ होती, मुरमाचं मैदान, कडेला बाभळी. बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची गोलच्या बाजूला, जाळीच्या थोडी मागं ठेवली. मैदानात धरायला भिंत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. गाडीपासून खुर्चीपर्यंत मी आणि बायकोनं त्यांना दोन्हीकडून धरून आणलं होतं, तेवढ्यावर मी निश्चिंत.

दोन टीम पाडल्या होत्या. आमची मुलगी हेल्मेट घालून, पायाला जाड पॅड बांधून गोलात उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड दिसेनासं झालं. फक्त आवाज येत होता. ती पुढच्या पोरींना तेलुगूत ओरडून सांगत होती, डावीकडे जा, मागं ये, आणि त्या खरंच जात होत्या, येत होत्या. बाबा पुढं वाकून ऐकत होते. त्यांना तेलुगू बाजारापुरतं कळतं, पण कोण कोणाचं ऐकतंय ते कळायला भाषा लागत नाही. एक बॉल खालून, उजव्या अंगाला आला. ती स्टिक आडवी पडली आणि बॉल तिच्या वळणाला लागून बाहेर गेला. बाबांनी सुनेकडे बघितलं. बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडलं.

मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. नंतर पाहिलं तर कॅमेरा उलटा, त्यात सुरुवातीचा सगळा वेळ माझा कान आहे.

मग गोल झाला. समोरून दोघी आल्या, एकीनं मारायचा बहाणा केला, दुसरीनं मारला. आमची मुलगी एका बाजूला पडली आणि बॉल दुसऱ्या बाजूनं आत गेला. तिच्याच टीमच्या पोरी वळल्या आणि स्टिका घेऊन तिच्याकडे धावत आल्या. ती उठून उभी राहत होती. पहिलीनं येऊन तिच्या पायाच्या पॅडवर स्टिक आपटली. दुसरीनं दुसऱ्या पॅडवर. तिसरी येत होती.

मला नंतर समजलं की गोल खाल्ला की गोलकीपरच्या पॅडवर अशी स्टिक वाजवतात. होऊ दे, आम्ही आहोत, असं सांगायची ती त्यांची रीत. पण तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं, आणि मी मोबाइल खाली करेपर्यंत बाजूची खुर्ची रिकामी झाली होती.

बाबा चालत होते. भिंत नाही, माणूस नाही, कशालाही न धरता. मी त्यांना तसं चालताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. ते जाळीला वळसा घालून मैदानात शिरले आणि पोरीच्या पुढं जाऊन उभे राहिले. तिच्याकडे पाठ, स्टिका घेतलेल्या पोरींकडे तोंड, आणि दोन्ही हात पसरलेले. शाळेत ढोरांसमोर उभे राहायचे तसे.

"तिची चूक नाई," ते म्हणाले. "मी पाहून राह्यलो होतो. तिची चूक नाई."

मॅडमची शिट्टी वाजली. पोरी जागच्या जागी थांबल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. एक जण नुसती "ताता, ताता" करत होती, म्हणजे आजोबा, आजोबा. मी धावलो, पण मध्येच थांबलो, कारण आमच्या मुलीनं हेल्मेट काढलं होतं आणि ती त्यांच्या समोर आली होती.

"आबाजी, त्या मारून नाई राह्यल्या," ती म्हणाली. "गोल झाला की असंच करते. होऊ दे म्हनते. माह्या पॅडले लागते फक्त, मले लागत नाई."

बाबांनी त्या पोरींकडे पाहिलं. हात अजून पसरलेलेच होते. जी पोर सर्वांत पुढं होती, जिनं पहिली स्टिक वाजवली होती, तिला काय कळलं कोण जाणे. तिनं आपली स्टिक हळूच जमिनीवर ठेवली आणि एक पाऊल मागं सरली. मग तिच्या बाजूच्या पोरीनं ठेवली. मग सगळ्यांनी. मॅडम शिट्टी तोंडात धरून तशाच उभ्या होत्या.

बाबांनी हात खाली घेतले. आणि हात खाली घेतल्यावर त्यांच्या पायांतलं बळ गेलं. ते डावीकडे पाहू लागले, जिथं घरी भिंत असते. मी आणि बायको अजून लांब होतो. मुलीनं हात पुढं केला, पण त्या जाड मोज्यात कोणाचा हात मावत नाही. मग तिनं स्टिक उलटी करून मुठीचं टोक त्यांच्याकडे केलं.

बाबांनी त्या दांड्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी ती धरली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला ते, मध्ये तो वळलेला दांडा. अशी ती दोघं सावकाश खुर्चीपर्यंत आली. मैदानावर कोणी हसलं नाही. मी हसण्याचा प्रश्नच नव्हता. मी मोबाइल खिशात ठेवायला खिसा शोधत होतो.

ती परत जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिच्यावर आणखी एक गोल झाला. पोरी पुन्हा धावत आल्या, पण पॅडवर स्टिक वाजवण्याआधी त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मग पोरींनी वाजवली.

शेवटी मॅडमनी नावं वाचली. पहिली गोलकीपर दुसऱ्या शाळेची पोर, खरंच चांगली होती. आमची मुलगी दुसरी. म्हणजे टीमबरोबर जायचं, पहिलीला काही झालं तर उभं राहायचं. मला वाटलं ती हिरमुसेल, म्हणून मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. ती म्हणाली, "दुसरी म्हंजे टीममधीच ना, पप्पा." मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पुढच्या वेळी ताताला जरूर आणा, फक्त दोरीच्या मागं बसवा.

परतीच्या वाटेवर बाबा खिडकीशी बसले होते. घरी आल्यावर ते आपल्या रस्त्यानं, भिंत धरून खोलीत गेले. मुलीनं स्टिक नेहमीसारखी कडेला आडवी ठेवली. थोड्या वेळानं पाहिलं तर ती त्यांच्या बाजेजवळ होती, आडवीच, हात खाली सोडला तर पोचेल अशी. कोणी नेली ते मी विचारलं नाही. माझी सरळ स्टिक अजून डिकीत आहे, चटईखाली.

संध्याकाळी बायको अंगणात तांदूळ निवडत होती, मी बाजूला बसलो होतो. मी म्हणालो की बाबांनी काठीला हात लावला, हे आई असती तर तिला खरं वाटलं नसतं. ती सूप हलवत राहिली. खडा वेचून बाजूला टाकला.

"ती वाकडी होती म्हणून मामाजींनी धरली," ती म्हणाली. "सरळ असती तर नसती धरली त्यांनी. आणि तुमी तर भांडून सरळ आणली होती."